तीन ब्रँड, एक ताट

शुद्धलेखन चुकलं तर सांभाळून घ्या. शब्दही साधेच आहेत.

कागलच्या शिदोजी चौगुल्यांचे तीन ब्रँड होते: मसाला, पापड आणि धूप. कंपनी एक काढावी की तीन, हे विचारायला त्यांनी पुढारी निंबाळकरसाहेबांना जेवायला बोलावलं. साहेबांना नाही म्हणायची तालुक्यात कुणाची छाती नव्हती.

"तीन ब्रँड, तीन कंपन्या! तिन्हींचा अध्यक्ष मी," साहेब म्हणाले.

शिदोजींचा हयातीचा धंदा हातचा चालला होता. तरी हसून म्हणाले, "आधी जेवून घेऊ."

मग त्यांनी भाकरी ओसरीवर, रस्सा माडीवर, पापड परसात वाढायला सांगितलं.

"अहो चौगुले, जेवायचं कसं?" साहेब जिन्यातच धापा टाकू लागले.

"ज्याला त्याला वेगळं घर दिलंय. तुमचाच सल्ला."

"चेष्टा पुरे! सगळं एका ताटात आणा!"

शिदोजींनी सगळं एका ताटात मांडलं आणि रश्श्याशेजारी धुमसता धूप ठेवला.

साहेब खोकत उठले. "धूप ताटात? तो देव्हाऱ्यात ठेवा!"

"साहेबांचा शब्द मोडायचा नाही. खाण्याचं एका कंपनीत, धूप दुसरीत."

"आणि अध्यक्ष?"

"ज्याच्या घरचं ताट, वाढपी तोच की!"

दुसऱ्या दिवशी सकाळी शिदोजींनी दोन पाट्या रंगवायला टाकल्या आणि सल्ल्याबद्दल साहेबांना पापडांचा पुडा धाडला.