कोंबडा खाल्ला कुणी?

भुजंगराव राजाचा झुंजीचा कोंबडा चोरीला गेला आणि राजाचं डोकं फिरलं. तसं ते आधीही फारसं जागेवर नव्हतंच. राणी रुसून माहेरी गेली तेव्हा हा गडी पोटभर जेवला होता. कोंबड्यासाठी मात्र साध्या कपड्यांत, उपाशीपोटी, घोड्यावरून दोन दिवस गावोगाव हिंडला. हाती काही लागलं नाही. मग दवंडी पिटली, की कोंबडा ज्यानं चोरला, ज्यानं शिजवला, ज्यानं खाल्ला, त्या सगळ्यांच्या उजव्या हाताची बोटं तोडणार.

आठवड्यानं कोंबड्याच्या पायातला चांदीचा वाळा गेनू कुंभाराच्या भट्टीमागं राखेत सापडला. गेनू म्हणे, मला ठाऊक नाही. घरात दुसरं माणूस एकच, त्याची बहीण चिमा. राजानं तिलाच साक्षीला उभी केली. खरं बोलली तर भावाची बोटं जाणार, खोटं बोलली तर तिची. आणि बोटं नसलेल्या कुंभाराचं चाक कोण फिरवणार?

दिवाणजी म्हणाले, बहिणीला भावावर साक्ष द्यायला लावू नये. राजा त्यांच्यावरच खेकसला, "न्यायाला बसलो की मी सख्ख्या बापालाही ओळखत नाही."

चिमानं राजाकडं नीट निरखून पाहिलं. "सगळी नावं घ्यायची, की एकच?"

"सगळी. एक जरी लपवलंस तरी तू खोटी."

"मग ऐका. चोरला माझ्या भावानं. शिजवला मी."

गेनू मागून तिचा पदर ओढायला लागला.

"खाल्ला मात्र आम्ही नाही, महाराज. भरदुपारी दारात उपाशी पाहुणा आला. घरात दुसरं काही नव्हतं, म्हणून त्याला वाढला. दोन्ही तंगड्या त्यानंच खाल्ल्या, रश्शात चार भाकऱ्या कुस्करल्या आणि पातेलंसुद्धा पुसून घेतलं."

"कोण तो खादाड? नाव बोल!"

"नाव नाही सांगितलं त्यानं. कोंबडा शोधायला निघालोय, एवढंच म्हणाला. आणि जाताना बोलला, असा रस्सा आमच्या मुदपाकखान्यातही होत नाही."

दिवाणजी छताकडं बघायला लागले. राजानं उजवा हात हळूच शेल्याखाली घेतला.

"मी माझ्या माणसाचं नाव घेतलं," चिमा म्हणाली. "आता तुमच्या माणसाचं तुम्ही घ्या. आणि बोटं तोडायची तर त्याच्यापासून सुरुवात करा. जास्त त्यानंच खाल्लंय."

राजा असा हसला, की फेटा सुटून मांडीवर आला. गेनूला शिक्षा झाली ती नवा कोंबडा पिल्लापासून वाढवून द्यायची. चिमाला सोन्याच्या पाटल्या मिळाल्या. राजानं स्वतःच्या उजव्या हातानं दिल्या. पाचही बोटं जागच्या जागी होती.