खुडूक कोंबडीचा दाणा

राजवाड्यात दळण करणाऱ्या कोंडाईला मुलगी झाली आणि त्याच दिवशी तिची ज्वारी बंद झाली. राजा मानाजीचा हुकूमच तसा होता. काम नाही त्या दिवशी दाणा नाही. बाळ आठ दिवसांचं असताना कोंडाई जात्यावर जायला उठली, तेव्हा तिची नणंद हौसा म्हणाली, "पडून राहा, वहिनी. मी राजाला भेटून येते."

हौसा राजाच्या कोंबड्या सांभाळायची. दरबारात जाऊन तिने वहिनीसाठी तीन महिन्यांची ज्वारी मागितली.

दिवाणजी हसले. "अगं, बसून खाणाऱ्याला कोण दाणा घालतं?"

राजाने मिशीला पीळ दिला. "आमच्याकडे बसून खाणारा असा एक तरी दाखव, की ज्याचा दाणा तोडला तर आमचंच नुकसान होईल. मग तुझ्या वहिनीला ज्वारी. नाहीतर तुझीही बंद. उद्यापर्यंत मुदत."

"उद्या कशाला, महाराज? तुमच्या हुकमाप्रमाणे मी आजच एकीचा दाणा तोडलाय. पंधरा दिवस नुसती बसून खातेय."

"शाबास. कोण ती?"

"तुमच्या मेहुण्यांनी दिलेली काळी कोंबडी. पंधरा दिवसांत एक अंडं नाही."

राजा ताडकन उठला. "अगं बये, ती खुडूक आहे! बारा अंडी उबवतेय. उपाशी राहिली तर दाणे शोधायला उठेल, अंडी गार पडतील. एक पिल्लू हाती लागायचं नाही. जा, आधी तिला दाणा घाल. दुप्पट घाल!"

"सकाळीच ओंजळभर घातलाय, महाराज," हौसा शांतपणे म्हणाली. "का घालायचा, तेवढं तुमच्या तोंडून ऐकायचं होतं."

राजा हळूच खाली बसला. दिवाणजी मात्र घाईने म्हणाले, "महाराज, हिचं ऐकलंत तर उद्या आजारी माणसंही ज्वारी मागतील."

"मागतील की," हौसा म्हणाली. "दिवाणजी, गेल्या आषाढात तुमचा घोडा महिनाभर लंगडत होता. तुम्ही रोज स्वतः जाऊन त्याला हरभरा चारत होता. बरा झाल्यावर आज तो कुणाला पाठीवर घेऊन दरबारात आला?"

राजा इतका हसला की त्याचा फेटा सैल झाला.

"घ्या लिहून, दिवाणजी. बाळंतिणीला तीन महिने ज्वारी. आजाऱ्याला बरा होईपर्यंत. आणि त्या बारांतली सहा पिल्लं हौसाची."