बसायला न शिकलेला पहारेकरी

फार मागची गोष्ट. तेव्हा डोंगराडोंगरावर गड होते आणि गडागडावर पहारे. लहानांनी ती मजेसाठी ऐकावी, मोठ्यांनी जरा कान देऊन.

अशाच एका गडाच्या मुख्य दरवाजावर हैबती नावाचा शिपाई पंचवीस वर्षं पहाऱ्याला उभा होता. ओळख पटल्याशिवाय त्याने कुणाला आत सोडलं नाही. एकदा तर खुद्द किल्लेदारालाच त्याने दारात थांबवलं. किल्लेदार रागावला नाही, उलट त्याने हैबतीला चांदीचं कडं दिलं. पुढे चाकरी संपली, शेला-नारळ मिळाला आणि हैबती गड उतरून घरी आला.

घरी बायको सगुणा होती आणि लग्नाच्या वयाची लेक. दोघींना केवढा आनंद झाला. तो आठ दिवस टिकला.

कारण हैबतीला घरात बसताच येईना. उजाडायच्या आत तो काठी घेऊन दारात उभा राही. शेजारीण विरजण मागायला आली, तर तिला नाव-गाव विचारी. सख्ख्या मेहुण्याचं गाठोडंसुद्धा त्याने सोडून पाहिलं. गाव आधी हसलं, मग यायचंच थांबलं.

अशात लेकीला पाहायला पाहुणे आले. हैबतीने त्यांना भर उन्हात उभं केलं. कुठून आलात, किती जण, बरोबर काय आणलंत, सारं खोदून खोदून विचारलं. सगुणा पाणी घेऊन बाहेर येईपर्यंत पाहुण्यांची बैलगाडी माघारी फिरली होती. लेक आत रडत बसली. हैबतीलाही वाईट वाटलं, पण आपलं चुकलं काय, हे त्या बिचाऱ्याला कळेना. पहारा चोख द्यायचा, एवढंच तर त्याला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सगुणा गड चढून गेली आणि तिने किल्लेदाराला सगळी हकीकत सांगितली. तो म्हणाला, हैबतीसारखा पहारेकरी मला पुन्हा मिळाला नाही.

"म्हणूनच आले, सरकार," सगुणा म्हणाली. "पंचवीस वर्षं तुम्ही ह्यांना उभं राहायला शिकवलंत. आता बसायला कोण शिकवणार?"

किल्लेदार तिच्याबरोबर खाली गावात आला. हैबती दारात उभाच होता. किल्लेदाराने त्याला बसायचा हुकूम केला आणि हैबती तत्काळ खाली बसला. किल्लेदाराला वाटलं, झालं काम.

"तुमच्या हुकमाने बसलेत," सगुणा म्हणाली. "तुमची पाठ वळली की उठतील."

आणि अगदी तसंच झालं.

किल्लेदार खजील झाला, पण हट्टाला पेटला नाही. त्याने नवा नियम केला. शिपाई चाकरीला लागला की पहिल्याच वर्षापासून पेरणीला आणि कापणीला त्याने महिनाभर घरी जायचं. भाला गडावर ठेवायचा. शेतात राबायचं, चावडीवर गप्पा मारायच्या, पोराबाळांत रमायचं. कारभाऱ्यांनी नाकं मुरडली, अशाने शिपाई मऊ पडतील म्हणाले. किल्लेदाराने त्यांचं ऐकलं नाही.

हैबतीला मात्र उशीर झाला होता. म्हणून किल्लेदार सवड मिळाली की तलवार गडावर ठेवून त्याच्या ओटीवर येऊन बसे. दोघं भुईमुगाच्या शेंगा फोडत. सुरुवातीला चार शेंगा झाल्या की हैबती उठे. मग मूठभर, मग सूपभर. एके दिवशी शेजारीण दारात आली, तेव्हा तो फक्त "या" म्हणाला. इथवर यायला तीन वर्षं लागली.

त्याच वर्षी पाय अधू झाला म्हणून एक तरणा शिपाई कायमचा घरी परतला. दुःख त्यालाही होतंच. पण त्याच संध्याकाळी तो चावडीवर चारचौघांत मिसळून बसला होता आणि दुसऱ्या दिवशी कुणाची तरी मोट दुरुस्त करत होता.

हैबतीच्या लेकीचं लग्न एकदाचं झालं. लेक सासरी निघाली, तेव्हा हैबतीने डोळे पुसले आणि तो शेजारी बसलेल्या किल्लेदाराला हळूच म्हणाला, "सरकार, हे मला विशीतच शिकवलं असतंत, तर माझ्या पोरीची तीन वर्षं वाचली असती."

किल्लेदाराने मान खाली घातली.

तात्पर्य : ज्याला चाकरीला घेता, त्याला एक दिवस घरी परतायचं असतं; त्याची तयारी निरोपाच्या दिवशी नव्हे, पहिल्या दिवशी सुरू करावी.