माईंनी लॅपटॉपचा पाट केला

"मग सांगा ना माई, कोणता एडिटर खरा?"

कौस्तुभ तावातावानं विचारत होता. गणितात संशोधन करणारं पोरगं, हुशारीचा तोरा नाकाच्या शेंड्यावर. शोधनिबंध लिहायचा, त्यातली सूत्रं छापायजोगी मांडायची, म्हणून कॉम्प्युटरात एडिटर, म्हणजे लिहायचं सॉफ्टवेअर, लागतो. त्यानं एकामागून एक सगळे धरले आणि सोडले.

तुळजामाई गोदाकाठच्या मठात चिंचा फोडत बसल्या होत्या. संन्यास घेण्याआधी त्याच्याच कॉलेजात गणित शिकवायच्या.

"तुझे सर काय म्हणतात?"

"म्हणतात, विभागात सगळे वापरतात तोच वापर. मी म्हटलं, नाही वापरणार! निबंधावरचं तुझं नाव खोडीन म्हणाले. खोडा म्हटलं!"

"शाब्बास. मग अडलंय कुठं?"

"एकही धड नाही हो. तिसऱ्या पानावर आलो की मांडणी मनासारखी बसतच नाही. मग नवा घेतो. आज संध्याकाळी निबंध पाठवायचाय, माई. नाही गेला तर वर्ष गेलं माझं."

माईंनी हात पुसले. लॅपटॉप मिटला, जमिनीवर ठेवला आणि त्याच्यावर ऐसपैस बसल्या.

"माई! मोडेल तो!"

"मोडू दे. त्यानं तुझी सिद्धता तर मोडत नाही ना? बोल ती."

पोरगं चिडलं. पण बोलायला लागलं बघा, घडाघडा. पहिली पायरी, दुसरी... हात हवेत नाचत होते. मग एकदम थबकलं.

"पुढं?"

"पुढचं... उघडच आहे."

"कुणाला?"

"सर म्हणाले, इथं 'उघड आहे' असं लिहून मोकळा हो. सगळेच लिहितात."

"आणि तू?"

"मी... मी इथं आलो की एडिटर बदलतो."

माई हसल्या नाहीत. वाऱ्यानं चिंचेची टरफलं अंगणभर उडाली.

"खरं ते लिहिलं तर सर खरंच नाव खोडतील, माई."

"मघाशी तर 'खोडा' म्हणालास."

कौस्तुभची मान खाली गेली... मग ताठ झाली.

"उठा माई. द्या माझा लॅपटॉप. आज लिहितोच. फक्त कशात लिहू, तेवढं सांगा."

माई उठल्या. पदरानं लॅपटॉप पुसला आणि त्याच्या हातात ठेवला.

"'इथं मला येत नाही' हे ठळक अक्षरांत उमटेल, अशा कशातही."