ठुमी मुंगीचा दाणा आणि खडखड्या डबा

एक होतं वाचनालय.
वाचनालयात एक टेबल.
टेबलावर एक कॉम्प्युटर.
कॉम्प्युटरचा मोठ्ठा डबा. डबा सारखा ओरडायचा.
खड खड खड! घर्रर्र! खड खड खड!

ठुमी मुंगी घरी निघाली. तुरु तुरु तुरु.
तोंडात साखरेचा दाणा. एकच दाणा.
घरी तिचं बाळ भुकेलं. ट्यँ ट्यँ रडत होतं.

ठुमी डब्यावर चढली. डबा थरथरला. खड खड खड!
तोंडातला दाणा सुटला. टिंग!
डब्याच्या जाळीतून आत पडला.

ठुमी म्हणाली, "डब्या रे डब्या, माझा दाणा दे!"
डबा म्हणाला, "मी नाही देत, जा! माझ्या पोटात पंखा खडखडतो. पंखा गप्प बसेल, तर दाणा देईन."
"दाणा तुझ्यात पडला. मग पंख्याला का विचारू?"
"ते मला नको सांगू. जा म्हटलं ना!"

ठुमीला आला राग. राग चढला पायांत.
ती गेली पंख्याकडे. तुरु तुरु तुरु.

"डबा दाणा देईना,
बाळाची भूक थांबेना!
पंख्या रे पंख्या, गप्प बस!"

पंखा म्हणाला, "मी नाही बसत, जा! माझ्या पात्यात दोरा अडकलाय. दोरा सुटेल, तर गप्प बसेन."

राग चढला गुडघ्यांत.
ठुमी गेली दोऱ्याकडे. तुरु तुरु तुरु.

"पंखा गप्प बसेना,
डबा दाणा देईना,
बाळाची भूक थांबेना!
दोऱ्या रे दोऱ्या, सुटून ये!"

दोरा म्हणाला, "मी नाही येत, जा! मी माळेचा दोरा. माळ उतरेल, तर सुटेन."

कुठली माळ? झेंडूची माळ.
दसऱ्याला सगळ्यांनी कॉम्प्युटरची पूजा केली. हळद लावली. कुंकू लावलं. डब्याला माळ घातली. टाळ्या वाजवल्या. पेढे खाल्ले.
माळ काढायची कुणी? कुणीच काढली नाही.
फुलं सुकली. माळ लोंबली. दोरा शिरला पंख्यात.

राग चढला पोटात.
ठुमी गेली माळेकडे. तुरु तुरु तुरु.

"दोरा काही सुटेना,
पंखा गप्प बसेना,
डबा दाणा देईना,
बाळाची भूक थांबेना!
माळे गं माळे, खाली उतर!"

माळ म्हणाली, "मी नाही उतरत, जा! मी पूजेची माळ. आपली आपण कशी उतरू? बाई काढतील, तर उतरेन."

राग चढला पाठीत.
ठुमी गेली सरोजबाईंकडे. बाई पुस्तकांवर शिक्के मारत होत्या. ठप्प ठप्प ठप्प!

"माळ खाली उतरेना,
दोरा काही सुटेना,
पंखा गप्प बसेना,
डबा दाणा देईना,
बाळाची भूक थांबेना!
बाई अहो बाई, माळ काढा!"

बाई म्हणाल्या, "अगं बाई! पंखा चालू, आणि मी हात घालू? मी नाही काढत, जा! माझं काम शिक्के मारायचं. गेनूकाका बटण बंद करतील, तर माळ काढीन." ठप्प ठप्प ठप्प!

राग चढला मानेत.
ठुमी गेली गेनूकाकांकडे. काका बशीतून चहा पीत होते. सुर्र सुर्र सुर्र!

"बाई माळ काढेनात,
माळ खाली उतरेना,
दोरा काही सुटेना,
पंखा गप्प बसेना,
डबा दाणा देईना,
बाळाची भूक थांबेना!
काका अहो काका, बटण दाबा!"

काका म्हणाले, "मी? साहेबांना न विचारता? मी नाही दाबत, जा! मागं एकदा दाबलं, केवढी बोलणी खाल्ली! साहेब सांगतील, तर बटण दाबीन." सुर्र सुर्र सुर्र!

राग चढला मिशांत. मिशा थरथरल्या.
ठुमी गेली रणपिसे साहेबांकडे. साहेब पेपर वाचत होते. फड फड फड!

"काका बटण दाबेनात,
बाई माळ काढेनात,
माळ खाली उतरेना,
दोरा काही सुटेना,
पंखा गप्प बसेना,
डबा दाणा देईना,
बाळाची भूक थांबेना!
साहेब अहो साहेब, काकांना सांगा!"

साहेब म्हणाले, "काय? काय म्हणतेस? या खडखडाटात काही ऐकू येत नाही. आधी आवाज बंद होऊ दे. मग ऐकतो."
"अहो, आवाजाचंच सांगतेय!"
"काय? मग ये! मग!" फड फड फड!

आता मात्र राग चढला डोक्यात!

ठुमी चढली साहेबांच्या बुटावर. तुरु तुरु तुरु.
चढली गुडघ्यावर. चढली शर्टावर. चढली कॉलरवर.
पोचली थेट कानाशी. आणि ओरडली,

"साहेब काही ऐकेनात,
काका बटण दाबेनात,
बाई माळ काढेनात,
माळ खाली उतरेना,
दोरा काही सुटेना,
पंखा गप्प बसेना,
डबा दाणा देईना,
बाळाची भूक थांबेना!"

"काय?" साहेब म्हणाले.

ठुमी काळी मुंगी. काळ्या मुंग्या चावत नाहीत. सगळ्यांना ठाऊक आहे.
ठुमी चावली. कच्च!

"आई आई गं!" साहेब टुणकन उडाले. "कोण आहे ते?"
"मी! ठुमी! आता येतंय का ऐकू?"
"येतंय, येतंय! चांगलं येतंय!"
"मग सांगा काकांना!"

साहेब ओरडले, "गेनू! बटण बंद कर!"
काकांनी बटण दाबलं. टक्!
बाईंनी हात जोडले. माळ काढली. बाहेर अंगणातल्या झाडाच्या मुळाशी ठेवली.
माळ उतरली, दोरा सुटला. सुर्रर्र!
दोरा सुटला, पंखा गप्प बसला.
काकांनी झाकण उघडलं. धूळ उडाली. भुस्स!
साहेब शिंकले. आक्छी!
डब्याने दाणा दिला. टिंग!

काकांनी झाकण लावलं. बटण पुन्हा दाबलं. टक्!
पंखा फिरला. सूं सूं सूं. हळू. गोड.

साहेब म्हणाले, "एवढंच होतं होय? मग आधी का नाही सांगितलं?"
बाईंनी काकांकडे पाहिलं. काकांनी बशीत पाहिलं.

ठुमी म्हणाली, "सांगितलं! एकूणएकाला सांगितलं! ज्याला त्याला दुसऱ्याचं नाव तेवढं माहीत!"

साहेबांनी कान चोळला. चमचा पुढे केला.
"रागावू नकोस गं. ही घे, चमचाभर साखर."
"चमचा तुमचा," ठुमी म्हणाली. "दाणा माझा. मला माझाच हवा!"

ठुमीने दाणा उचलला. तोंडात घट्ट धरला.
ती घरी गेली. तुरु तुरु तुरु.
बाळाने दाणा खाल्ला. कुटुम कुटुम कुटुम.
बाळाने ढेकर दिली. एवढीश्शी. अब्ब!

खडखडत आली गोष्ट, गप्प होऊन निजली.