पारंबीचा दोरा

प्राण्यांची पोरं शाळेत जायची, त्या काळातली ही गोष्ट. तळ्याकाठच्या शाळेत बगळेगुरुजींचा एकच नियम होता. शाळेत सगळे सारखे, घरच्या रीती घरी ठेवायच्या.

झिपरी खारीच्या गळ्यात वडाच्या पारंबीचा बारीक दोरा होता. एका वणव्यात वडाने खारींचं कूळ वाचवलं, तेव्हापासून खारी वडालाच देव मानतात आणि हा दोरा जन्मभर उतरवत नाहीत.

"गुरुजी, एवढी सूट द्या," झिपरीची आई हात जोडून म्हणाली. "बाकी सगळं ती तुमच्या शिस्तीत करील."

"हिला सूट दिली की उद्या मोर मुकुट घालून येईल, बाई!" असं म्हणून गुरुजींनी सगळ्यांदेखत चोचीने दोरा कटकन तोडला.

झिपरीने दोन्ही पंजे गळ्यावर दाबून धरले. सगळा वर्ग हबकून गेला.

गुरुजींनी मात्र प्रार्थना सुरू केली आणि एक पाय पोटाशी घेतला.

"गुरुजी, पाय खाली ठेवा ना," कासवाची पोर घाबरत म्हणाली. "आम्ही सगळे नीट उभे आहोत."

"अगं वेडे, आमच्या घराण्यात प्रार्थना अशीच करतात! पाय टेकला तर ती देवाला पोचेल का?"

कोणी हसलं नाही. सगळे झिपरीकडे बघत होते. गुरुजींनीही बघितलं, आणि त्यांचा पाय आपोआप खाली आला.

"वडाकडे नवा दोरा मिळेल ना, बाई?" त्यांनी हळूच विचारलं.

"मिळेल की, गुरुजी," मातीतले तुकडे वेचत आई म्हणाली. "पण हा तिच्या आजीने बांधला होता. ती आता नाही."