गवताचा बोळा

डोंगरावर माणूस राहायला आला नव्हता, तेव्हाची गोष्ट. एका सकाळी दरड कोसळली आणि साळिंदरबाईची दोन पिल्लं बिळासकट गाडली गेली.

न बोलावता सगळं रान धावून आलं. रानडुकरं माती उपसू लागली, वानरं दगड भिरकावू लागली. "इथं खणा! तिथं खणा!" असा एकच गलका झाला. साळिंदरबाई ऊर बडवून रडत होती.

खवल्या मांजर मात्र जमिनीला कान लावून बसलं होतं. ते ओरडलं, "थांबा! या आवाजात पिल्लं ऐकू कशी येणार?"

हुप्प्या वानर भडकला. "आम्ही काय नुसतं उभं राहायला आलोय?"

"हो, दादा. घटकाभर तेच करा." मग ते साळिंदरबाईकडे वळलं. "ताई, तुम्हीसुद्धा रडू नका."

तिनं तोंडात गवताचा बोळा कोंबला. सगळे श्वास रोखून उभे राहिले.

रानडुकरं जिथं उपसलेली माती टाकत होती, त्याच ढिगाखालून बारीक चीं चीं आली.

सगळ्यांनी हलक्या हातानं खणलं. दोन्ही पिल्लं धुळीनं माखलेली, पण जिवंत निघाली. ती कुशीत शिरली, तरी साळिंदरबाई गप्पच उभी होती.

हुप्प्यानं पुढं होऊन तिच्या तोंडातला बोळा अलगद काढला.

"आता रडा, ताई."